विसर्गाची नाताळची सोय

२७ नोव्हेंबर

आज एका निरपराध संस्कृत शब्दाचा वध झाला आणि त्याची पोच मला ईमेलने आली. 'विझ्झाचं बुकिंग पक्कं झालं आहे,' असं श्वानवसतिगृहाच्या शेरिलबाई कळवतात. विझ्झा! चौदा वर्षांपूर्वी दोन्ही भुवयांवर एकेक बदामी ठिपका असलेलं काळं पिल्लू घरात आलं, तेव्हा मी व्याकरणाला स्मरून त्याचं नाव विसर्ग ठेवलं. ठिपके एकाखाली एक नसून शेजारी शेजारी आहेत, एवढी सूट मी निसर्गाला दिली होती. पण या देशात कुठलंही नाव अर्ध्यावर मोडून त्याला लाडाची शेपटी लावल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. माझा, दिगंबरचा, 'डिग' झाला तेव्हा मी गप्प बसलो. कुत्र्याला मात्र लेखी निषेध नोंदवता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने इथे नोंदवून ठेवतो.

आता कामाचं. यंदा नाताळला मेरिनच्या माहेरी, टास्मानियाला जायचं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. आमच्या जिलाँगमधली झाडून सगळी श्वानवसतिगृहं ऑगस्टमध्येच भरतात. आम्हाला जागा मिळाली ती निव्वळ नशिबाने. दरवर्षी तिथे येणारं एक म्हातारं लॅब्रॅडॉर आता येणार नाही म्हणे. का येणार नाही, ते मी विचारलं नाही.

मेरिनने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तू स्वतःहून माझ्या बाबांकडे जायचं म्हणतोयस. ताप नाहीये ना?"

एकोणीस वर्षांत मी चार वेळा गेलो आहे. बाकीच्या वेळी कधी पाठ दुखली, कधी विद्यार्थ्यांचे पेपर आडवे आले. माणूस सुधारूच नये असा काही नियम आहे का?

५ डिसेंबर

वसतिगृहात खोकल्याची साथ पसरू नये म्हणून आधी लस टोचून घ्यावी लागते. त्यासाठी विसर्गाला डॉ. फाम यांच्याकडे नेलं. आत जाताना दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय दोनदा फाकले. मी त्याला उचलून घेतलं. पूर्वी उचलताना कंबर धरायची माझी. आता तो अगदी हलका लागतो. मला वाटतं, मीच बळकट झालो असेन.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग म्हणाले, "नाताळच्या आधी तुम्ही आणि मेरिन दोघं एकदा या ना. जरा निवांत बसून बोलू."

मी म्हटलं, "नाताळनंतर येतो. जानेवारीत सगळं निवांतच असतं."

ते विसर्गाचा कान दोन बोटांत धरून हळूहळू चोळत राहिले. फार अल्पाक्षरी गृहस्थ आहेत. हृदयाच्या गोळ्या वाढवून दिल्या. घरी आल्यावर मेरिनला सांगितलं, "लस झाली. डॉक्टर मजेत आहेत."

१० डिसेंबर

सकाळी चहाच्या वेळी मेरिन म्हणाली, "एक सुचवू? तू थांब घरी त्याच्याजवळ. मी एकटी जाऊन येते."

"आणि तुझ्या आईबाबांना काय वाटेल?"

"आईला थोडं वाईट वाटेल. बाबांना खरं सांगायचं तर बरंच वाटेल."

"तरीपण. जावयाची म्हणून काही कर्तव्यं असतात."

"कुठे असतात? तुमच्याकडे?"

"सगळीकडे असतात."

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. पहाटे विसर्गाला खोकल्याची उबळ येते, तेव्हा आम्ही दोघं जागे असतो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करतो. तीच नजर होती, फक्त डोळे उघडे.

मी तिला पुन्हा एकदा कारणं सांगितली. एक, त्याला बोटीने नेता येत नाही. बोटीवर कुत्र्यांना खाली, गाड्यांच्या मजल्यावर पिंजऱ्यात ठेवतात आणि रात्रभर त्यांच्याजवळ कुणालाही जाऊ देत नाहीत; त्याच्या हृदयाला ते झेपायचं नाही. दोन, झेपलं तरी सासरेबुवांच्या शेतावर त्याला बंदी आहे. तरुणपणी त्याने तिथल्या मेंढ्या पिटाळल्या होत्या आणि 'पुन्हा कुंपणाच्या आत दिसला तर बंदूक काढीन' असं त्यांनी मला सर्वांसमक्ष सुनावलं होतं. तेव्हा वसतिगृह हाच एक मार्ग उरतो.

"तू घरी थांबणं हाही एक मार्ग होता," मेरिन म्हणाली आणि कप विसळायला गेली.

२० डिसेंबर

विसर्गाला पोचवून आलो.

शेरिलबाई साठीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज खणखणीत. कुत्र्यासोबत मालकाचा अंगावरचा एखादा कपडा पाठवायचा अशी इथली पद्धत. वास ओळखीचा असला की नव्या जागी कुत्रं लवकर रुळतं म्हणतात. मी माझा निळा सदरा दिला. परक्याच्या घरी द्यायची वस्तू म्हणून काल धुऊन, इस्त्री करून, घडी घालून कागदी पिशवीत ठेवला होता.

बाईंनी तो नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. "धुतलात?"

"धुतला. इस्त्रीही केली."

"अहो, मग त्याला याच्यात काय सापडणार? साबण?"

मेरिनने गाडीतून उतरून अंगातला स्वेटर काढला आणि बाईंच्या हातात दिला. एक शब्द तरी बोलली असती तर बरं झालं असतं.

विसर्ग आत जाताना कुरकुरला नाही. मी सोबत नेतो तिथे तो जातो. चौदा वर्षांत त्याला त्याचा पश्चात्ताप करायची वेळ आली नव्हती. बाई म्हणाल्या, "निरोप लांबवू नका, मागे बघू नका, सरळ गाडीत बसा." इतकी सोयीची आज्ञा मला आयुष्यात कुणी केली नव्हती. मी ती तंतोतंत पाळली.

मेरिनने मागे पाहिलं. काय दिसलं, ते मी विचारलं नाही.

२२ डिसेंबर

बोट ठीक. गाडी लावताना खालच्या मजल्यावर एक माणूस कर्मचाऱ्याशी हुज्जत घालत होता. त्याच्या कुत्र्याच्या पिंजऱ्याशेजारी त्याला चटई टाकून झोपायचं होतं. परवानगी मिळाली नाही. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान वाटायला हवं होतं. त्या माणसाचा चेहरा मात्र नको इतका लक्षात राहिला.

दुपारी कॅम्पबेल टाउनपलीकडे शेतावर पोचलो. अ‍ॅथल, म्हणजे सासरे, वय ब्याऐंशी, फाटकाशीच उभे. मी गाडीतून उतरण्याआधी त्यांनी मागच्या काचेतून आत डोकावून पाहिलं.

"काय रे डिग, मेंढ्यांचा कर्दनकाळ कुठाय?"

"वसतिगृहात ठेवलाय."

"कुठे?"

"कुत्र्यांना ठेवतात ना, पैसे घेऊन. तिथे."

"पैसे देऊन? ऊना, अगं ऐकलंस का? यांचा कुत्रा लॉजवर उतरलाय!"

ऊना म्हणजे सासूबाई. पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या, मला कोपरांनीच मिठी मारली आणि म्हणाल्या, "आणायचं नाही का रे त्याला? मी हाडं ठेवली होती काढून."

"यांनीच सांगितलं होतं की, पुन्हा दिसला तर बंदूक म्हणून."

अ‍ॅथल मोठ्याने हसले. "अरे, तेव्हा तो तीन वर्षांचा उंडगा होता! आता उभं तरी राहता येतं का त्याला? आता मेंढ्याच त्याला हाकलून लावतील." मग हसणं थांबलं. "त्या कारणासाठी नाही आणलास होय?"

मी बोटीचं सांगितलं, हृदयाचं सांगितलं.

"असं," ते म्हणाले आणि माझी बॅग उचलून चालू लागले. इतक्या वर्षांत त्यांनी माझी बॅग कधी उचलली नव्हती.

२३ डिसेंबर

शेरिलबाई रोज एक फोटो पाठवतात. कालच्या फोटोत विसर्ग मेरिनच्या स्वेटरवर आडवा होऊन विश्रांती घेतो आहे. समोर खाण्याची ताटली काठोकाठ भरलेली. म्हणजे खायला भरपूर देतात. तोंड दाराकडे, म्हणजे जागा हवेशीर आहे.

फोटो ऊनाबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला, फोन परत दिला आणि मला न विचारता केकचा तुकडा आणून दिला.

२५ डिसेंबर

नाताळचं जेवण. कोकराची मांडी, भाजलेले बटाटे, पुदिन्याची चटणी, बागेतल्या रास्पबेरी. मी शाकाहारी असल्यामुळे दरवेळी माझ्यासाठी वेगळे बटाटे भाजतात आणि दरवेळी अ‍ॅथल विचारतात, "गवत कापून आणू का थोडं?" यंदा त्यांनी विचारलं नाही. मलाच चुकल्यासारखं झालं.

जेवणाआधी दोघांनी दोन टोकं ओढून कागदी फटाके फोडायचे आणि त्यातून निघालेले रंगीत कागदी मुकुट डोक्यावर घालूनच जेवायचं, असा नेम आहे. माझा मुकुट जांभळा. त्याच अवस्थेत आजचा फोटो आला. तीच कूस, तोच स्वेटर, तीच ताटली, तितकीच भरलेली. मी कालचा फोटो उघडला, परवाचा उघडला. मग उठून पडवीत गेलो आणि फोन लावला.

"शेरिलबाई, नाताळच्या शुभेच्छा. तो जेवतो ना?"

"काल माझ्या हातातून कोंबडीचे चार तुकडे खाल्ले. खोटं कशाला सांगू, एवढंच. पाणी पितो. त्याला मी माझ्या घरात आणलंय, धुणं धुते त्या खोलीत. तिथे गार असतं."

"रडतबिडत नाही ना?"

"छे. फारच शहाणा आहे हो. दाराकडे बघत पडून असतो. गाडी आली की कान उभे होतात, मग खाली येतात. डॉक्टरला बोलावू का?"

मी म्हणालो, "नको, आताच नको. उद्या बघू."

फोन ठेवला तेव्हा काचेत माझं प्रतिबिंब दिसलं. डोक्यावर जांभळा मुकुट घातलेला पन्नाशीचा एक गृहस्थ 'उद्या बघू' म्हणतो आहे. आत गेलो आणि दोन वेळा पुडिंग घेतलं.

२६ डिसेंबर

आज टीव्हीवर मेलबर्नची कसोटी. दिवसभर घरात क्रिकेट. मी पडवीत अ‍ॅथलसोबत मटार सोलत बसलो. ते सोलतात भराभर आणि निम्मे खातात.

मीच विषय काढला. म्हटलं, "तुमच्या इथे कुत्रं म्हातारं झालं की काय करतात?" उत्तर मला ठाऊक होतं. ते ठणठणीत, शेतकरी थाटाचं उत्तर देतील, मग मी मनातल्या मनात त्यांना निर्दय ठरवीन आणि मला जरा बरं वाटेल, असा हिशोब.

"गोळी घालतात," ते म्हणाले. "ज्याचा कुत्रा त्याने. बापाने मला तेच शिकवलं. परक्याच्या हातात द्यायचा नाही, मानेवर हात ठेवायचा, त्याच्याशी बोलत राहायचं."

"तुम्ही किती—"

"सगळे. एक सोडून." त्यांनी एक शेंग उघडली आणि तशीच धरून ठेवली. "टॅसी. पिवळी कुत्री होती, मेरिन शाळेत होती तेव्हाची. तिला घेऊन शेडच्या मागे गेलो, आणि परत आलो. शेजारच्या डगला सांगितलं, तू कर. मी घरात जाऊन रेडिओ मोठा केला. असंच क्रिकेट लागलं होतं. कोण बॅटिंग करत होतं, किती झाले होते, सगळं अजून सांगू शकतो मी तुला." शेंगेतले दाणे त्यांनी पातेल्यात टाकले, खाल्ले नाहीत. "ती शेवटी कुणाकडे बघत होती, ते मात्र मला ठाऊक नाही. डगला विचारायची हिंमत झाली नाही. आता तोही गेला."

आतून ऊनाबाई ओरडल्या, "अहो, मटार की मोती? कधी व्हायचे?"

"जावई हळू सोलतो!" अ‍ॅथल ओरडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला काही सांगत नाहीये मी. तूच विचारलंस म्हणून."

२७ डिसेंबर

मेरिनशी बोललो. कुंपणाच्या कडेने चालत होतो. मी म्हणालो, "मला वाटतं, मी घरी जावं."

"हं."

"पाच तारखेला डॉक्टर नुसतं लशीचं बोलले नव्हते."

"माहीत आहे मला. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला होता."

मी थांबलो. ती चालत राहिली, मग तीही थांबली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहिली. तू घरी थांब म्हणाले, तर तू जावयाची कर्तव्यं काढलीस." तिने तारेत अडकलेली लोकर ओढून काढली. "आणि खरं सांगू का? मलाही थोडं वाटलं होतं, आपण इथे असताना, तिथे... झोपेतच. आपोआप. कुणाला काही ठरवायला लागणार नाही. असं वाटलं मला, डिग. एकदा नाही, बऱ्याचदा."

 तिने जे सांगितलं, ते मीही योजलं होतं. फक्त मी त्याला 'सोय' म्हणत होतो.

उद्याच्या विमानात एकच जागा मिळाली. बोटीवर गाडीला दोन जानेवारीच्या आत जागा नाही. जायचं मीच, असं ठरलं. ठरवताना दोघांपैकी कुणी फार वेळ घेतला नाही.

२८ डिसेंबर

अ‍ॅथलनी लॉन्सेस्टनच्या विमानतळापर्यंत सोडलं. वाटेत पावसाबद्दल बोलले, लोकरीबद्दल बोलले. उतरताना खिडकीतून म्हणाले, "डिग, त्याला सांग, बंदी उठवली आहे." आणि लगेच गाडी वळवली.

मेलबर्नहून बस, जिलाँगहून टॅक्सी. शेरिलबाईंच्या दारात साडेतीनला पोचलो. त्यांनी मला धुण्याच्या खोलीत नेलं आणि स्वतः बाहेर थांबल्या.

विसर्ग उठला नाही. पाय हलवून पाहिले, जमलं नाही. शेपटी मात्र फरशीवर आपटली, दोनदा, तीनदा. मी खाली बसलो. त्याने माझा हात हुंगला आणि मग माझ्या पाठीमागे, दाराकडे पाहिलं. "ती नाही आली," मी म्हणालो. "जागा मिळाली नाही." चौदा वर्षांत त्याच्याशी मी कायम व्याकरणशुद्ध मराठीत बोललो आहे. आज एकही वाक्य धड पुरं झालं नाही.

शेरिलबाईंना मी म्हणालो, "माफ करा, तुमच्यावर हे टाकायला नको होतं."

"माझ्यावर काय टाकलंत?" त्या म्हणाल्या. "मी होतेच इथे." आणि स्वेटरची घडी करून दिली.

टॅक्सीवाला कुत्रा घ्यायला तयार नव्हता. बाईंनी स्वतःच्या गाडीतून आम्हाला घरी सोडलं.

२९ डिसेंबर

विसर्ग पुढच्या खोलीत, खिडकीखाली आहे. रात्री दोन घास दहीभात खाल्ला, सकाळी काही नाही. दुपारी ऊन त्याच्या पाठीवर आलं तेव्हा जरा झोपला.

डॉ. फाम सकाळी येऊन तपासून गेले. मेरिन येईपर्यंत थांबता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "थांबता येईल. पण ते तुमच्यासाठी असेल, त्याच्यासाठी नाही." मेरिनला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ रडली, मग म्हणाली, फोन त्याच्या कानाशी धर. धरला. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत होतो. त्याचा कान हलला.

उद्या दहा वाजता डॉक्टर इंजेक्शन घेऊन घरीच येणार आहेत. जाताना त्यांनी दारात विचारलं, "तुम्ही खोलीत थांबणार ना? काही जण बाहेर थांबतात. त्यात चूक काही नाही, फक्त मला आधी माहीत असलेलं बरं."

मी म्हणालो, "अर्थातच थांबणार." अगदी चटकन म्हणालो.

सबंध महिनाभर या वहीत मी बोटीची, लशीची, सदऱ्याची आणि नावाच्या उच्चाराची काळजी करत बसलो. तो जाणार, याचं दुःख आहे. पण दुःखाची मला भीती नाही. भीती वेगळी आहे, आणि ती आज सरळ लिहितो. उद्या दहा वाजता डॉक्टर आपली बॅग उघडतील, विसर्ग माझ्याकडे बघेल, आणि मी 'चहा टाकतो' असं म्हणून स्वयंपाकघरात निघून जाईन.